परत येणार म्हणायचं

११ जानेवारी

आजपासून लिहायला घेतलं. हौस म्हणून नाही, वैताग म्हणून. लेकीला शिकायला परदेशी जायचंय हे कळल्यापासून ज्याला त्याला सल्ल्याचा उमाळा आलाय. सकाळी एक जण एक सांगतो, दुपारी दुसरा त्याच्या बरोब्बर उलटं, आणि संध्याकाळी पहिलाच येऊन म्हणतो, मी असं बोललोच नव्हतो. म्हणून कोण काय म्हणालं ते लिहून ठेवणार. शब्द फिरवला की दाखवता येईल.

आजचे सल्ले असे. शेजारची बेकरीवाली म्हणाली, जाड कोट इथूनच न्या, तिकडे परवडत नाही. तिचा मुलगा तिकडेच असतो, म्हणजे तिला माहीत असणार. माझा थोरला भाऊ म्हणाला, इथला कोट तिकडच्या थंडीत म्हणजे अंगावर कागद पांघरल्यासारखा, तिकडेच घ्या. मग जरा थांबून म्हणाला, मुळात पाठवतेसच कशाला? दादा स्वतः शेजारच्या गावी जायचं तरी प्यायचं पाणी घरून नेतो.

तिसरा टायवाला, गळ्यात टाय बांधून बसतो म्हणून हे नाव. परदेशी शिकायला जाणाऱ्यांची सगळी तयारी करून देणारं त्याचं ऑफिस बँकेच्या वरच्या मजल्यावर आहे. भिंतीवर हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो. एकाच्याही चेहऱ्यावर कधी अभ्यास केल्याची खूण नाही. तो म्हणाला, "काकू, कोटाचं नंतर. आधी निबंध."

"निबंध? तिने पदवी घेतलीय. निबंध शाळेत लिहितात."

"हा वेगळा असतो. मी इथवर कशी आले, मला काय व्हायचंय, का व्हायचंय."

इथवर बसने आलो एवढं मला माहीत होतं, पण लेकीने कोपर मारलं म्हणून गप्प बसले.

१९ जानेवारी

लेक पाण्याचं शिकलीय. घाण पाणी साफ करून पुन्हा वापरात कसं आणायचं, ते. त्याच्याच पुढचं दोन वर्षं शिकायचंय आणि ते जिथे चांगलं शिकवतात ते म्हणे समुद्रापलीकडे. आमच्या दुकानामागून बाराही महिने नाला वाहतो, त्याचा वास घेत ती मोठी झाली. हे शिकायला इतक्या लांब कशाला जायचं, नाला इथे आहे, असं मी एकदा म्हणाले होते. तेव्हा ती खूप हसली होती.

आज मागच्या खोलीत ती निबंध मोठ्याने वाचून बघत होती. मी पुढे दुकानात टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होते. सायकल दुरुस्तीचं दुकान नवऱ्याचं, तो गेल्यापासून माझं. निबंध इंग्रजीत, म्हणून म्हटलं मराठीत सांग. तिने सांगितलं. वडील गेल्यावर माझ्या अशिक्षित आईने काळ्या हातांनी मला वाढवलं. घरात दिवा नव्हता. मला जेवू घालून आई उपाशी झोपायची.

"कधी?" मी विचारलं.

"काय कधी?"

"मी उपाशी कधी झोपले? जेवायला जरा उशीर झाला तर मी माणसं खायला उठते. आणि दिवा नव्हता म्हणजे? ट्यूबलाइट गेली की त्याच दिवशी स्टुलावर चढून मी बदलते."

"अगं, हे मी नाही लिहिलं. त्यांनी सुधारून दिलंय."

"आणि अशिक्षित कोण? मी सातवी आहे."

"सातवी नापास."

"परीक्षेला बसले होते ना?"

हात काळे आहेत हे खरं. पण ते ग्रीसने काळे आहेत, दुःखाने नाहीत.

२० जानेवारी

टायवाल्याकडे जाऊन आले. म्हटलं, माझ्या जिवंतपणी माझं रडगाणं कोणी लिहायला सांगितलं? तो अगदी शांत. "काकू, तिकडच्या लोकांना कष्टाची गोष्ट आवडते. सगळेच लिहितात."

"सगळेच लिहितात तर वाचणाऱ्याला कळत नसेल?"

त्यावर त्याने पाणी मागवलं. मग आणखी बरंच काही सांगत राहिला, मुलाखत, पडताळणी, पालकांना फोन, असं काही काही. माझं डोकं निबंधातच अडकलेलं, मी ऐकलं नाही.

जिना उतरताना लेक म्हणाली, "माझा निबंध मीच लिहायला घेतलाय. कोणाला दाखवणार नाही."

"माझ्याबद्दल लिहिणार का?"

"लिहिलंय. आई टबात ट्यूब बुडवते आणि बुडबुडे कुठून येतात ते शोधते. पाण्याकडे बघत बसायचं मी तिथे शिकले."

"एवढंच? हे वाचून तुला कोण घेईल गं?"

६ मार्च

घेतलं तिला! शिष्यवृत्तीसुद्धा देणार आहेत. उरलेलं बँक देणार. त्या भानगडीबद्दल इथे लिहिणार नाही, कपाळ दुखतं.

बुडबुड्यांवर घेतलं. मला वाटतं त्यांच्याकडे अर्जच कमी आले असतील.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण कळला नाही. एक जण पोराला बसवायची सीट लावून घ्यायला आला, त्याला उगाच झापलं की पोराला चालायला शिकवा. तो बिचारा म्हणाला, बाई, ते आठ महिन्यांचं आहे.

लेकही उड्या मारेल असं वाटलं होतं. तिने काय केलं, तर दुकानातला टब रिकामा केला आणि घासत बसली. म्हटलं, आजच्या दिवशी हे काय काढलंस? म्हणाली, हिरवा झाला होता. घासता घासता म्हणाली, "आई, तू काहीच बोलली नाहीस."

"बोलले की. चांगलं झालं म्हणाले."

"आणखी?"

"आणखी काय? कोट कुठून घ्यायचा ते एकदा ठरव."

१५ एप्रिल

मधे पुष्कळ दिवस लिहिलं नाही. सल्ले येत होते, पण तेच लोक आपलंच उष्टं पुन्हा वाढत होते.

आता नवीन. कॉलेजने घेतलं तरी देशात घेणारे वेगळे. त्यांच्या ऑफिसात मुलाखत असते. टायवाल्याने सांगितलं, तिथल्या साहेबाला आधीच वाटत असतं की ही पोरं शिकायच्या नावाने येतात आणि मुक्काम ठोकतात. म्हणून त्याला पटवायचं, मी परत येणार. आवाज ठाम, मान सरळ, रडायचं नाही, साहेबाला नाटक वाटतं.

मला काही झेपलं नाही. निबंधात लिहायचं, मला तिकडे यायचंच आहे, त्यावाचून जीव राहत नाही. मुलाखतीत सांगायचं, मी तिकडे राहणारच नाही. दोन्ही एकाच तोंडाने, एकाच वर्षात.

घरी सराव घेतला. मी साहेब. नाकावर वाचायचा चष्मा, उंच स्टुलावर मी, बुटक्यावर ती.

"शिकून झाल्यावर काय करणार?"

"परत येणार."

"कशावरून?"

"माझी आई इथे आहे."

"आया सगळ्यांनाच असतात. पुढे बोला."

"आमचं घर इथे आहे. आईचं दुकान आहे. ती एकटी आहे. तिला..." इथे तिचा आवाज चिरकला आणि डोळे भरले.

"हे बघ, हे चालणार नाही. नाटक वाटतं."

"मी नाटक करत नाहीये."

"तेच म्हणते मी. पुन्हा म्हण."

पुन्हा म्हणाली, पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्या वेळी उत्तर द्यायचं सोडून मलाच विचारते, "साहेब, तुम्हाला काय वाटतं? मी परत यावं?"

मी म्हटलं, साहेबाला काही वाटत नसतं. साहेब फक्त प्रश्न विचारतो.

त्यावर उठून भांडी घासायला गेली. सराव अर्धाच राहिला. अशाने काय पास होणार?

१७ एप्रिल

बेकरीवालीला विचारलं, "तुझ्या मुलानेही साहेबाला असंच सांगितलं होतं?"

"शब्द न् शब्द," ती म्हणाली. पीठ मळणं चालूच. "परत येणार, आई आहे, बेकरी आहे. इतकं छान म्हणायचा की मीसुद्धा नवी भट्टी घेऊन ठेवली."

"मग?"

"मग काय? सहा वर्षं झाली. अगं, ते मुलाखतीपुरतं असतं. साहेबाला माहीत असतं, पोरांना माहीत असतं. माहीत नसतं ते तुला नि मला."

थोड्या वेळाने मळायचं थांबली आणि म्हणाली, "माझं एक ऐक. मन आत्तापासूनच घट्ट कर. मी त्याची खोली होती तशी ठेवली. तो फोनवर विचारतो, आई, काय करतेस? मी म्हणते, तुझी खोली पुसतेय. की तो गप्प. मग म्हणतो, काम आहे, ठेवतो. आपण ओझं होतो गं पोरांना. जाताना तर रडूच नकोस. आणि खोली ठेवू नकोस."

इतक्यात तिचा फोन वाजला. पिठाच्या हातांनीच धावली. पिठाच्या गिरणीतून होता.

इतक्या लोकांचे सल्ले ऐकले, पण सरळ असा हा पहिलाच. यात कोट नाही, टाय नाही.

२४ एप्रिल

मी बोलत बसणारी बाई नाही, करून मोकळी होणारी. बेकरीवालीकडे नवा कामगार राहायला आला, त्याला खाट हवी होती. लेकीची लोखंडी खाट देऊन टाकली. तिचा फळीवरचा पसारा एका पेटीत भरला आणि फळीवर टायर रचले. खोली मोठी दिसायला लागली.

संध्याकाळी लेक वाचनालयातून आली. दारातच उभी.

"माझी खाट?"

"बेकरीत गेली."

"आई, मी अजून इथेच आहे."

"ऑगस्टमध्ये जाणारच ना? तोवर चटई आहे. माझ्या पाठीला चालते, तुझ्या चालेल."

"आणि परत आल्यावर?"

मी हसले. म्हटलं, "आता बरं जमायला लागलंय तुला. आवाजही ठाम आला."

तिने पिशवी खांद्यावरून काढलीच नाही, तशीच बाहेर गेली आणि नाल्याच्या कट्ट्यावर बसून राहिली. तिथे डास किती असतात.

२६ एप्रिल

लेक कामापुरतं बोलते. दादा म्हणतो, मुलाखतीची धास्ती असेल, तिला आराम करू दे. बेकरीवाली म्हणते, आत्ताच सवय होतेय ते बरं. मी तिला मोकळं करायला बघतेय आणि ती फुगून बसलीय. सल्ला देणाऱ्यांनी हे पुढचंही सांगायला हवं होतं.

४ मे

टायवाल्याकडे माझा नंबर दिल्यापासून त्याच्यासारख्या बाकीच्या ऑफिसवाल्यांना तो कसा मिळाला देव जाणे. रोज फोन. मॅडम, आपल्या मुलीचं परदेशातलं स्वप्न, मॅडम, आजच या. मी आता कानाला लावते तीच तोंडाचा पट्टा सोडून.

आज एक चाक वाकडं आलं होतं. स्टँडवर फिरवून स्पोक आवळत होते, अगदी सरळ व्हायच्या बेतात, आणि फोन. बाई होती, आवाज गोड. मुलीची आई बोलताय का? ती काय शिकायला निघालीय? मी सांगितलं. मग म्हणते, शिकून झाल्यावर ती परत येणार आहे का?

चाक बिघडलं ते बिघडलंच. म्हटलं, "परत कशाला येईल? इथे काय ठेवलंय तिचं? खाटसुद्धा देऊन टाकलीय. परत कोणी येत नाही बाई, ते तुम्हालाही माहीत आहे. ठेवा आता आणि पुन्हा करू नका."

ती म्हणाली, "धन्यवाद. नोंद घेतली."

बाकीच्या असं म्हणत नाहीत. चांगल्या घरची असावी.

५ मे

काय लिहू. ती बाई मुलाखतीच्या ऑफिसातली होती.

दुपारी लेकीला टायवाल्याचा फोन आला, या आठवड्यात पडताळणीसाठी पालकांना फोन येईल, काकूंना सांगून ठेव. लेकीने मला विचारलं, काल-परवा कोणाचा फोन आला होता का? मी जसं झालं तसं सांगितलं, चाकासकट. ती बुटक्या स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तासाभरात टायवाला स्वतः दुकानात हजर. पहिल्यांदाच टायशिवाय बघितला.

"काकू, काय केलंत हे! तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात!"

"मला काय माहीत तो साहेबाचा फोन आहे?"

"मी जानेवारीतच सांगितलं होतं, फोन येऊ शकतो."

सांगितलं असेल. लिहून ठेवलेलं काढून बघितलं, लिहिलंय खरं, ऐकलं नाही असंही लिहिलंय. शब्द फिरवणाऱ्याला धरायला निघाले होते, मीच सापडले.

मग सल्ले सुरू. टायवाला म्हणाला, सांगा की फोन दुसऱ्याच कोणीतरी उचलला, एखाद्या गिऱ्हाइकाने. दादा म्हणाला, त्या ऑफिसात जाऊन हात जोड. बेकरीवाली म्हणाली, माझ्या मुलाच्या वेळी असं काही नव्हतं बाई, आणि पाव भट्टीत आहेत म्हणून निघून गेली. माझी पाचावर धारण बसली. आता पोरीचं जाणं हुकलं तर ते कोणामुळे?

८ मे

लेकीला म्हटलं, "मी जाऊन सांगते, माझं डोकं ठिकाणावर नसतं. बघणाऱ्याला पटेल."

तिला हसू आलं. खूप दिवसांनी. "नको. खोटं तूही सांगायचं नाहीस आणि मीही नाही."

"मग काय सांगणार?"

"ते विचारतील त्याचं उत्तर."

मी चेनला तेल देत होते, तिने कुपी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः देऊ लागली. लहानपणापासून तिची ही खोड, बोलायचं असलं की हातातलं काम काढून घ्यायचं.

"आई, त्या बाईंना जे सांगितलंस ते तुला खरंच वाटतं? मी परत येणार नाही असं?"

"वाटायचं काय त्यात. कोणी येत नाही."

"आणि त्याचं तुला काय वाटतं?"

"मी काही मरायची नाही त्यावाचून. दुकान आहे, हातपाय चालतात."

"मी ते नाही विचारलं."

"मग नीट विचार ना! एक विचारतेस, दुसरं हवं असतं. तुम्हा शिकलेल्यांचं हेच."

तिने कुपी ठेवली. चेनला तेल जास्त झालं होतं, खाली ठिबकत होतं.

१४ मे

मुलाखत झाली. आईबापांना आत घेत नाहीत. बाहेर रस्त्याच्या कडेला सगळे उभे, आणि जो तो आपल्या पोराला शेवटचा सल्ला देतोय. डोळ्यांत बघून बोल. हात हलवू नकोस. थोडं हस. फार हसू नकोस. मी काहीच म्हटलं नाही. माझी जीभ आधीच नको तेवढी चालून गेली होती.

बऱ्याच वेळाने आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय विचारलं?"

"तेच. साहेब म्हणाले, तुमच्या आईच म्हणतात की तुम्ही परत येणार नाही."

"मग?"

"मी म्हटलं, माझी आई खोटं बोलत नाही, तिला तसंच वाटतं. मला धरून ठेवलं तर मी अडकेन असं तिला वाटतं, म्हणून तिने आधीच हात सोडलाय. ती मला 'ये' असं कधी म्हणणार नाही. पण मी येणार, कारण मला यायचंय. आमच्या दुकानामागे नाला आहे, आणि पुढे दुकानात ती आहे."

"मग साहेब काय म्हणाला?"

"काही नाही. टाइप केलं. या म्हणाले."

मी मनातल्या मनात उत्तर तपासलं. रडणं नव्हतं, ठाम होतं, नाल्याचा मुद्दाही बरोबर जागी होता. म्हटलं, "छान होतं. टायवाल्याने लिहून दिलं?"

"नाही."

"स्वतः बनवलंस? हुशार आहेस हं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चालायला लागली, इतकी भराभर की मला धावावं लागलं. एवढं कौतुक केलं तरी हे असं.

३० मे

पासपोर्ट शिक्का मारून परत आला. जाता येणार!

टायवाला टाय लावून आला. त्याला भिंतीवर लावायला लेकीचा हसरा फोटो हवा होता. लेक म्हणाली, मला फोटोत हसता येत नाही. दादा म्हणतो, मी पहिल्यापासून म्हणत होतो की पाठवा. इथे काढून दाखवलं, ११ जानेवारी. तर म्हणतो, तू चुकीचं लिहिलंस.

माझा सगळाच गोंधळ झालाय. लोकांचं ऐकून मी जे जे केलं ते अंगाशी आलं. लेकीने कोणाचंच ऐकलं नाही, निबंधात नाही, मुलाखतीत नाही, आणि दोन्हीकडे पास. मग इतके महिने ही सगळी माणसं काय सांगत होती? का साहेबालाच भोळा म्हणायचं? एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसून त्याने तिचं म्हणणं खरं धरलं.

९ ऑगस्ट

सामान भरून झालं. कोट शेवटी तिने तिच्या पुढच्या वर्गातल्या मुलीला विचारून ठरवला, जी तिथे आधी गेलीय. इथून एक साधा न्यायचा, तिथे बघून एक घ्यायचा. म्हणजे बेकरीवालीही बरोबर आणि दादाही. त्या मुलीने आणखी सांगितलं, कागद सगळे हातातल्या पिशवीत ठेव, कमिशन घेणाऱ्याचा सल्ला दोनदा तपास, आणि पहिले काही महिने फार एकटं वाटतं, ते कोणी आधी सांगत नाही.

मी म्हटलं, तुला कुठलं एकटं वाटणार, तुला वाचायला पुस्तक मिळालं की झालं. ती म्हणाली, हो ना.

१२ ऑगस्ट

गेली.

विमानतळावर दादा ढसाढसा रडला. बेकरीवाली मला सारखी डोळ्यांनी खुणावत होती, सांभाळ. मी सांभाळलं. एक टिपूस काढलं नाही. लेकीची बॅग ढकलत काचेच्या दारापर्यंत गेले, पिशवीची चेन नीट लागलीय का ते बघितलं, बाटलीचं बूच घट्ट केलं.

ती म्हणाली, "आई, मी परत येणार."

मी म्हटलं, "झाली गं परीक्षा! आता इथे कोण साहेब उभा आहे? चल, मागे लाइन खोळंबलीय."

तिने मान हलवली. चेहरा असा काही झाला की नवीन चपला चावत असतील असं मला वाटलं. आत गेली. वळून बघितलं असं दादा म्हणतो. मला दिसलं नाही. एका गाढवाने माझ्या पायावर सामानाची गाडी घातली होती, मी त्याच्याशी भांडत होते.

१३ ऑगस्ट

सकाळी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक एक शाळेचे मास्तर, ब्रेक घासतोय म्हणून. मागचं चाक फिरवत ब्रेक सैल करत होते. हात आपोआप चालतात, डोकं रिकामं असतं. आणि एकदम आलं मनात. काल तिथे साहेब नव्हता. टायवाला नव्हता. शिक्का कधीच मारून झाला होता. मग ती ते कोणाला सांगत होती?

मास्तर म्हणाले, बाई, चाक थांबलंय.

पाना तसाच हातात घेऊन बेकरीत गेले. बेकरीवाली तबकं पुसत होती. तिला म्हटलं, काल दारात लेक असं असं म्हणाली, आणि मी असं असं म्हणाले. तुझा मुलगाही जाताना म्हणालाच असेल ना? सगळेच म्हणत असतील.

तिचा फडका थांबला.

"नाही गं," ती म्हणाली. "साहेबासमोर म्हणाला होता. मला नव्हता म्हणाला."

मग तिने ते पुसलेलंच तबक पुन्हा पुसायला घेतलं. मी पाना घेऊन परत आले.

लेकीला फोन केला. बंद. मधे एकदा विमान बदलायचंय, तेव्हा चालू करीन म्हणाली होती. मास्तरांची सायकल देऊन झाल्यावर पुन्हा केला. बंद. मास्तर गेले, एक पंक्चर आलं, तेही झालं. बंदच.

लागला की विचारायचं ठरवलंय. प्रश्न तोच, शिकून झाल्यावर काय करणार. पण साहेबासारखा नाही विचारायचा. आईने विचारल्यासारखा विचारायचा. दुकानात कोणी नाही असं बघून दोन-तीनदा म्हणून पाहिला. हळू म्हणून पाहिला, तिचं नाव आधी घेऊन म्हणून पाहिला. दर वेळी स्टुलावरचा साहेबच बोलतोय असं वाटतं. चौथ्यांदा म्हणत होते तेवढ्यात हवा भरायला आलेली बाई दारातून म्हणाली, "ताई, मी काही केलं का? माझ्यावर का ओरडताय?"